अझेलिया निवडताना आधी आपले अंगण पाहा

ऑगस्ट महिना लागला की वाक्वा, फ्लोरेआल आणि क्यूरपीपकडच्या कुंपणांना रंग चढू लागतो. एरवी वर्षभर हिरवी आणि काहीशी उदास दिसणारी झुडपे थोड्याच दिवसांत अशी फुलतात की पान दिसेनासे होते. वर धुके, खाली झिमझिम पाऊस आणि मध्ये ही गुलाबी, पांढरी, जांभळट फुले. हीच अझेलिया, आपल्या क्रेओलीतली अझाले. याच सुमारास आपल्या मराठी घरांत गणपतीची तयारी चालू असते. भिंतींना रंग लागतो, लाकूर झाडून निघते, आणि कोणाला तरी वाटते की यंदा दारात अझेलिया हवीच. शनिवारी रोपवाटिकेतून फुललेली कुंडी घरी येते. गणपतीपर्यंत ती दिमाखाने उभी असते आणि नाताळपर्यंत वाळून जाते.

हा प्रकार आम्ही इतक्या घरांत पाहिला आहे, आणि आमच्या स्वतःच्या घरातही, की त्याबद्दल चार शब्द लिहिणे आम्हांला आवश्यक वाटते. झाड मेले की लोक म्हणतात, "अझेलिया फार नाजूक, आपल्या हाताला ती लागत नाही." आम्हांला हे पटत नाही. झाड नाजूक नाही. आपली निवड उलट्या टोकाने होते. आपण आधी रंग पाहतो, मग किंमत पाहतो, आणि जागेचा विचार झाड घरी आणल्यावर करतो. मुलीचे स्थळ पाहताना आपण असे करीत नाही, मग वीस-तीस वर्षे दारात राहणाऱ्या झाडाच्या बाबतीत का करावे?

मुळात या झाडाच्या नावातच घोटाळा आहे. रोपाच्या चिठ्ठीवर पुष्कळदा 'इंडिका' असा शब्द असतो. तो वाचून आपल्या माणसाला वाटते की हे भारतातून आलेले झाड. तसे नाही. १७५३ साली लिनियस या स्वीडिश शास्त्रज्ञाने 'अझेलिया इंडिका' हे नाव दिले, पण ती जात जपानची. त्या काळी युरोपातले लोक पूर्वेकडच्या साऱ्या मुलुखाला 'इंडीज' म्हणत, त्यातून हे नाव पडले. आज इंडिका म्हणून बागांत जे दिसते त्यातले बरेचसे चीनकडच्या दुसऱ्या एका जातीपासून संकर करून तयार झालेले आहे. बेल्जियममधल्या गेंट शहराच्या बागवानांनी एकोणिसाव्या शतकात काचेच्या घरांतून हे संकर वाढवले. पुढे वनस्पतिशास्त्रज्ञांनी अझेलिया हा वेगळा वंश न मानता त्याला ऱ्होडोडेंड्रॉनमध्ये घातले. भारतात या कुळातली झाडे आहेत, हिमालयातला लाल बुरांस त्यांपैकीच एक. परंतु रत्नागिरी आणि साताऱ्याकडून जहाजात बसलेल्या आपल्या पूर्वजांनी ही फुले आपल्या गावी पाहिली असण्याचे कारण नाही. अझेलिया आपल्यासारखीच या बेटावर बाहेरून आली आणि जिथे तिला मानवले तिथे रुजली.

तेव्हा पहिला प्रश्न रंगाचा नाही. पहिला प्रश्न असा की आपले घर कुठे आहे?

बेट लहान असले तरी त्याची हवा एक नाही. क्यूरपीप समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंचीवर आहे. तिथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो, त्यामुळे जमिनीतला चुना शतकानुशतके धुऊन गेला आहे आणि माती आम्ल झाली आहे. अझेलियाला हेच हवे असते. मातीचा सामू साडेचार ते सहाच्या दरम्यान असला की ती सुखी असते. शिवाय तिच्या कळ्या उन्हाळ्यात धरतात, पण त्या नीट उमलायला काही आठवड्यांचा गारवा लागतो. जून-जुलैच्या रात्री डोंगरपठारावर तो मिळतो. याउलट किनाऱ्यावर माती प्रवाळाच्या वाळूची, म्हणजे चुन्याची. त्यात अझेलियाच्या मुळांना लोह घेता येत नाही. पाने पिवळी पडतात, फक्त शिरा हिरव्या राहतात, आणि दोन-तीन वर्षांत झाड संपते. त्यात रात्रीचा उकाडा आणि समुद्राचा खारा वारा.

म्हणून आमच्या कास्कावेल, बांबू आणि काझ नोयालकडच्या भाऊबंदांना आम्ही स्पष्ट सांगतो, अझेलियाच्या मागे लागू नका. बांबूची माती प्रवाळाची नसेल, पण तिथला उन्हाळा आणि कोरडेपणा या झाडाच्या कामाचा नाही. तुमच्याकडे जास्वंद जशी फुलते तशी ती आमच्याकडे धुक्यात फुलत नाही. बोगनवेल तुमच्या भिंतीवर जी आग लावते ती आमच्या पावसात लागत नाही. वाक्वाला राहणाऱ्या बहिणीच्या दारात अझेलिया आहे म्हणून आपल्याही दारात ती हवी, ही हौस समजण्यासारखी आहे. पण हौसेने माती बदलत नाही. फारच वाटले तर सावलीत एक कुंडी ठेवा, तीत पानांचे कुजलेले खत भरा, पावसाचे पाणी साठवून घाला, आणि फुले कमी आली तर झाडाला दोष देऊ नका.

आता पठारावर राहणाऱ्यांनी निश्चिंत व्हावे असेही नाही. आमचीच गोष्ट सांगतो. आम्ही वाक्वाला अंगणाभोवती सिमेंटची नवी भिंत बांधली आणि तिच्या पायाशी हौसेने तीन अझेलिया लावल्या. माती वाक्वाची, पाऊस वाक्वाचा, तरी वर्षभरात तिन्ही पिवळ्या पडल्या. आम्ही खत घातले, ती आणखी पिवळी पडली. शेवटी शेजारच्या वृद्ध काकी कुंपणाशी आल्या, कुदळीने एक ढेकूळ उकरून आमच्या हातात दिले आणि म्हणाल्या, "बाळांनो, ही माती आहे का? हा तर गवंड्याने टाकलेला चुना-रेती आहे." बांधकामाचा सारा राडारोडा तिथेच पुरलेला होता, आणि वर प्रत्येक पावसात भिंतीवरून सिमेंटचे पाणी झिरपत होते. म्हणजे डोंगरावर राहून आम्ही आमच्या अंगणात प्रवाळाचा किनारा तयार केला होता.

१९६० सालच्या ॲलिक्स आणि कॅरोल वादळांनंतर या बेटाने काँक्रीटची घरे बांधली, आणि ते योग्यच झाले. पत्र्याच्या आणि लाकडाच्या घरांनी काय सोसले ते आपल्या वडीलधाऱ्यांना विचारा. पण काँक्रीटच्या घराला लागून जी दोन हातांची पट्टी असते तिथली माती आता माती राहिलेली नसते, हे ध्यानात धरावे. अझेलिया भिंतीपासून निदान मीटरभर लांब लावावी, आणि नव्या बांधकामाच्या जागी खड्डा मोठा घेऊन जुनी माती काढून टाकावी. जागा अर्ध्या सावलीची निवडावी. सकाळचे ऊन आणि दुपारची सावली सर्वांत उत्तम.

इतके ठरले की मग जातीकडे वळावे. आमच्या मते जातींचे गट चार-पाचच ध्यानात ठेवले तरी पुरे.

हिवाळ्यात पाने झाडणाऱ्या अझेलिया एका बाजूला काढाव्यात. त्यांच्यात पिवळे आणि नारिंगी असे मोहक रंग आहेत, परदेशी पुस्तकांतली चित्रे पाहून मन लोभावते, पण त्यांना खरा कडक हिवाळा लागतो. तो या बेटावर कुठेच नाही.

उरल्या सदाहरित. त्यांत बेल्जियमचे इंडिका संकर कुंडीसाठीच घडवलेले आहेत. फुले मोठी, पुष्कळदा दुहेरी पाकळ्यांची, दिसायला फार सुंदर. दुकानात फुललेली जी कुंडी मिळते ती बहुधा याच घराण्यातली. दुसरे आहेत दक्षिणी इंडिका. बेल्जियममधून अमेरिकेच्या दक्षिणेकडील गरम, दमट राज्यांत गेलेली हीच झाडे तिथे उघड्यावर वाढवून निवडलेली आहेत. 'फोर्मोसा' ही गडद जांभळट गुलाबी, 'जॉर्ज लिंडले टेबर' ही फिकट गुलाबी छटेची, आणि तिच्याच एका फांदीच्या बदलातून निघालेली पांढरी 'मिसेस जी. जी. गर्बिंग', ही त्यांतली नामांकित नावे. ही झुडपे दोन मीटर आणि त्याहून उंच जातात. आपल्या पठारावर आमचा कौल यांनाच आहे, कारण ऊन, ओल आणि सौम्य हिवाळा या तिन्हींची त्यांना सवय आहे.

तिसऱ्या जपानच्या क्युशू बेटावरच्या कुरुमे. पाने बारीक, फुले लहान पण इतकी दाट की झुडूप म्हणजे रंगाची टोपली. लालभडक 'हिनोडेगिरी' आणि प्रवाळी गुलाबी 'कोरल बेल्स' यांतल्याच. यांना गारवा अधिक लागतो, म्हणून क्यूरपीपच्या सर्वांत थंड भागाखेरीज इतरत्र त्यांच्यावर फार भरवसा ठेवू नये. चौथ्या सात्सुकी, जपानी पंचांगाच्या पाचव्या महिन्याचे नाव धारण करणाऱ्या. त्या ठेंगण्या असतात आणि इतर अझेलियांचा बहर सरल्यावर फुलतात. त्यांतली 'गुम्पो' पायरीच्या कडेला किंवा कुंडीत शोभते. अलीकडे वर्षातून दोन-तीनदा फुलणाऱ्या अमेरिकन जातीही निघाल्या आहेत. मिळाल्यास एखादी लावून पाहावी, पण सारे अंगण त्यांच्या भरवशावर सोडू नये.

गट कळला की तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली, पूर्ण वाढलेल्या झाडाची उंची. खिडकीखाली 'फोर्मोसा' लावली तर दहा वर्षांत खिडकी झाकेल, मग आपण दरवर्षी तिचा माथा छाटणार, आणि छाटलेल्या माथ्यावर फुले येत नाहीत. दुसरी, पाकळी. दुहेरी फूल दुकानात भारी दिसते, पण आपल्या पावसात ते पाणी धरून ठेवते, तपकिरी पडते आणि सडलेले फूल फांदीलाच चिकटून राहते. एकेरी फूल पाऊस झटकून टाकते आणि वेळ झाली की गळून पडते. क्यूरपीपसारख्या गावी एकेरीच घ्यावी, हे आमचे ठाम मत आहे. तिसरी गोष्ट रंगाची, आणि ती सर्वांत शेवटी. त्यातही आमचा आग्रह असा की लहान अंगणात पाच रंगांची पाच झाडे लावू नयेत. एकाच रंगाची तीन लावावीत. पाच रंगांचे अंगण रोपवाटिकेसारखे दिसते, एका रंगाचे अंगण घरासारखे दिसते.

इथे कोणी म्हणेल, "तुम्ही नावे सांगता, पण रोपवाटिकेत कुठे नाव लिहिलेले असते? तिथे नुसते लाल, गुलाबी आणि पांढरे." खरे आहे. आमचाही अनुभव तोच आहे. म्हणूनच आम्ही म्हणतो की सर्वांत चांगली यादी कोणत्याही पुस्तकात नाही, ती आपल्या रस्त्यावर आहे. ऑगस्ट-सप्टेंबरात संध्याकाळी आपल्याच वस्तीतून एक फेरी मारा. ज्या घरी वीस वर्षांची अझेलिया भरभरून फुलली आहे, तिने आपली माती, आपला पाऊस आणि अनेक वादळे पचवली आहेत. तिच्याइतके खात्रीचे प्रमाणपत्र कोणता दुकानदार देईल? दार ठोठवा, नमस्कार करा आणि कलम मागा. आपल्या समाजात फुलाच्या फांदीला नाही म्हणणारे घर आम्ही अजून पाहिलेले नाही.

कलम करणे अवघड नाही. फुले सरल्यावर येणारा नवा कोंब अर्धा टणक झाला की, म्हणजे साधारण नोव्हेंबर ते जानेवारीच्या दरम्यान, आठ-दहा सेंटिमीटरचे शेंडे सकाळी कापावेत. खालची पाने काढावीत. नदीची धुतलेली रेती आणि पानांचे कुजलेले खत सम प्रमाणात मिसळून त्यात ते खोचावेत. समुद्राची वाळू मात्र चालणार नाही, कारण तिच्यात तोच चुना असतो. वर पारदर्शक पिशवी घालून कुंडी सावलीत ठेवली की दोन महिन्यांच्या आसपास मुळे धरतात. कलमाचे झाड हुबेहूब आईसारखे निघते, त्यामुळे रंगाबद्दल फसवणूक होत नाही. फुलायला दोन-तीन वर्षे लागतात, हे खरे. पण कुंडीत विकत आणलेले झाड चार महिन्यांत मरते, त्या मानाने हे लवकरच म्हणायचे.

विकत आणायचीच असेल तर एवढे करावे. कुंडीतला मातीचा गोळा एकदा सुकला की वरून घातलेले पाणी त्यात शिरत नाही, बाजूने वाहून जाते. म्हणून लावण्यापूर्वी तो बादलीत तासभर बुडवून ठेवावा, मुळांचे जाळे हाताने सैल करावे आणि खड्ड्यात थोडे उंचावरच बसवावे. अझेलियाची मुळे केसांसारखी बारीक आणि अगदी वरवर असतात. खोल पुरली तर ती गुदमरतात, पाणी साचले तर कुजतात, आणि बुंध्याशी कुदळ चालवली तर तुटतात. बुंध्याभोवती पाइनच्या सुया किंवा उसाचा वाळलेला पाला वीतभर पसरावा. आपल्याकडे ऑक्टोबर-नोव्हेंबरात पाऊस ओढ धरतो, मार-ओ-वाक्वाचा जलाशय खाली जाऊ लागतो आणि पाण्याच्या वेळा लागू होतात, तेव्हा हाच पाला झाड वाचवतो. छाटणी करायची ती बहर संपताच, ऑक्टोबर उलटण्यापूर्वी. नंतर छाटाल तर पुढच्या वर्षीच्या कळ्याच कापाल.

आता छाटणीचा विषय निघालाच आहे, तर ज्या गोष्टीमुळे हा लेख लिहायला बसलो ती सांगतो. आमच्या घरची अझेलिया छाटली तेव्हा हिरव्या, कोवळ्या फांद्यांचा ढीग पडला. मागच्या बाजूला नात्यातल्याच एका मावशींच्या चार बकऱ्या होत्या. चारा वाया कशाला घालवायचा, म्हणून आम्हीच तो ढीग कुंपणावरून पलीकडे टाकला. आम्हांला ते पुण्याचे काम वाटले. रात्री मावशींची हाक आली. दोन बकऱ्यांच्या तोंडून लाळ गळत होती, त्या ओकत होत्या, पायांवर उभ्या राहवत नव्हत्या. पशुवैद्य आले तोवर एक गेली. गाभण होती. दुसरी तीन दिवस धुगधुगत राहून वाचली. मावशी आम्हांला एक शब्दही बोलल्या नाहीत. पैसे देऊ केले तर म्हणाल्या, "ते राहू दे. पण तुम्हांला ठाऊक नव्हतं, मग तुम्ही टाकलंत कशाला?" या प्रश्नाला आमच्याकडे आजही उत्तर नाही.

वाचकहो, अझेलियाच्या पानात, फुलात आणि मधात ग्रेयानोटॉक्सिन नावाचे विष असते. ते हृदयाची आणि मज्जातंतूंची चाल बिघडवते. जनावराच्या वजनाच्या ०.२ टक्के इतकी हिरवी पानेदेखील विषबाधेला पुरेशी असल्याचे जाणकार सांगतात. तीस किलोच्या बकरीला याचा अर्थ साठ ग्रॅम, म्हणजे मूठ-दोन मूठ पाला. गाय, कुत्रा, मांजर यांनाही ते बाधते. आणि हे ज्ञान नवे नाही. इसवी सनापूर्वी ४०१ साली काळ्या समुद्राकाठी मध खाऊन ग्रीक सैनिक वेड्यासारखे कोसळले, असे झेनोफनने लिहून ठेवले आहे. तो मध याच कुळातल्या फुलांचा होता असे मानतात. जे अडीच हजार वर्षांपूर्वी लिहिलेले आहे ते आम्हांला रोपाबरोबर कोणी सांगितले नाही, आणि आम्हीही कोणाला विचारले नाही.

यावरून कोणी अझेलिया उपटून टाकावी असे आम्ही म्हणत नाही. कण्हेर आपल्या दारात पिढ्यान् पिढ्या आहे आणि तीही विषारीच. फरक इतकाच की कण्हेर विषारी आहे हे आजीने आपल्याला लहानपणी हात धरून सांगितले. अझेलियाबद्दल सांगणारी आजी नव्हती, कारण आजीच्या आजीला ती ठाऊक नव्हती. हे सांगण्याचे काम आता आपल्या पिढीचे आहे. ज्या घरी गाय-बकरी आहे, किंवा शेजारी आहे, त्या घरी अझेलिया गोठ्याच्या बाजूला लावू नये. छाटलेला पाला जनावरांच्या हाती लागणार नाही अशा जागी पुरून टाकावा. फुलातला मध चोखण्याची मुलांना सवय असते, त्यांना वेळीच सांगावे. आणि घरात रांगते मूल असेल तर आणखी दोन-तीन वर्षे थांबून झाड आणले तर काही बिघडत नाही.

गणपतीला हे फूल वाहावे की नाही, असा प्रश्न आम्हांला नेहमी विचारला जातो. काही वडीलधाऱ्यांचे म्हणणे असे की देवाला जास्वंद आणि दूर्वाच, हे परदेशी फूल नको. त्यांचा आम्ही आदर करतो. पण आमचे मत थोडे निराळे आहे. आपल्या पूर्वजांनी या बेटावर उतरल्यावर जे दारात उगवले तेच भक्तीने देवापुढे ठेवले. बाजारातून आणलेल्या महागड्या फुलांपेक्षा आपल्या हाताने जगवलेले फूल देवाला कमी प्रिय असेल असे आम्हांला वाटत नाही. फक्त एक पथ्य पाळावे. ते मखराला लावा, मूर्तीपुढे ठेवा, पण मोदकाच्या ताटात, पंचामृतात किंवा तीर्थात ते पडू देऊ नका. प्रसाद हा खायचा असतो.

दुसराही एक आक्षेप आहे आणि तो अधिक गंभीर आहे. काही तरुण मंडळी म्हणतात, बाहेरची झाडे आणून आणूनच या बेटाचे रान संपले. चीनी पेरू, प्रिव्हेट आणि राव्हनालने मूळ जंगल गिळले, आता चांगल्या स्थितीतले जंगल दोन टक्क्यांहूनही कमी उरले आहे, मग इथलीच झाडे का लावू नयेत? त्यांचे म्हणणे आम्हांला मान्य आहे. १९९२ साली प्रजासत्ताक झाल्यावर आपण ज्या ट्रोकेशियाला राष्ट्रीय फूल मानले ते किती जणांच्या अंगणात आहे? जागा असेल त्याने एक झाड इथल्या मातीचे लावावे आणि एक आपल्या हौसेचे. पण हौसेच्या झाडाची लाज बाळगण्याचे कारण नाही. शहाणपणाने निवडलेली अझेलिया आपल्या कुंपणात राहते आणि आपल्यालाही घराबाहेर, मातीत, गुडघ्यावर बसायला लावते. आजकाल तेवढेही कमी होत चालले आहे.

क्यूरपीपच्या वनस्पती उद्यानात, जे १८७० साली सुरू झाले, एक ताडासारखे झाड कुंपणाआड उभे आहे. त्याच्या जातीचे साऱ्या जगात ते एकटेच उरले आहे. शास्त्रज्ञांनी कितीही धडपड केली तरी त्याला जोड मिळालेली नाही. आम्ही मुलांना ते दाखवायला नेतो तेव्हा प्रत्येक वेळी वाटते की जे झाड एकाच जागी असते ते जवळजवळ गेलेलेच असते.

आपल्या वस्तीतल्या जुन्या अझेलियांचे तेच होणार आहे. आमच्या रस्त्यावर एका आजींच्या दारात पांढरी, मध्ये हिरवट झाक असलेली एकेरी अझेलिया होती. नाव कोणाला माहीत नव्हते, सारे तिला "आजींची पांढरी" म्हणत. आजी गेल्या, वारसांत वाटण्या झाल्या, जागा विकली गेली. एके सकाळी यंत्र आले आणि दुपारपर्यंत तिथे गाड्या उभ्या करायची फरशी होती. आम्ही दरवर्षी म्हणत असू, यंदा कलम घेऊ. घेतले नाही. मात्र ज्यांच्या बकऱ्या होत्या त्याच मावशींनी फार पूर्वी एक फांदी नेऊन लावली होती, पुढच्या दारी, गोठ्यापासून दूर. आज ती आमच्या खांद्याइतकी झाली आहे. गेल्या नोव्हेंबरात आम्ही तिच्याकडे मान खाली घालूनच गेलो. मावशींनी स्वतः कात्री आणून सहा शेंडे कापून दिले, आणि म्हणाल्या, "छाटाल तेव्हा पाला माझ्याकडे आणा, मी पुरते. तुमचा काही भरवसा नाही."

सहांपैकी चार कलमांनी मुळे धरली आहेत. एक आम्ही ठेवणार, तीन वाटणार. आमची वाचकांना एवढीच विनंती आहे की या बहरात पाकीट घेऊन दुकानात जाण्यापूर्वी आपल्या गल्लीतून एकदा चालत जावे. कोणाच्या दारात काय फुलले आहे ते पाहावे, ते कोणी लावले ते विचारावे, आणि नोव्हेंबरात कलम मागायला परत यावे. कुंडीवर रंगाचे नाव लिहू नका, ज्या घरून आणले त्या घराचे नाव लिहा. आणि खाली एक ओळ जोडा: जनावरांना घालू नये.